खुर्शिदाभाबीचा निळा दोरा

नसरापुरात माझं दुकान आणि खुर्शिदाभाबीचं दुकान यांच्यामध्ये एक पत्रा तेवढा होता. पलीकडे तिचं मशीन सुरू झालं की माझ्या फळीवरच्या रंगाच्या डब्यांची झाकणं वाजायची. मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवायचो. 'पेंटर सावळाराम' ही सही वेल्ह्यापासून शिवऱ्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या भिंतीच्या कोपऱ्यात तुम्हाला सापडेल. माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघण्यात माझी निम्मी हयात गेली.

पण ही गोष्ट भाबीच्या शिवणीची आहे. माझं अक्षर त्यात आलं ते नडायलाच.

भाबीचे यजमान इब्राहीमभाई मूळचे टेलर. त्र्याण्णव सालाच्या आसपास त्यांची नजर अधू झाली, सुईत दोरा ओवता येईना. एका सकाळी ते मशीनवरून उठले आणि भाबी बसली. त्यात काही गाजावाजा झाला नाही. इब्राहीमभाई बाहेरच्या बाकड्यावर आले, स्टोव्ह पेटवून चहा करू लागले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला राजकारण समजावून सांगू लागले. दुकान चाललं ते भाबीच्या हातावर. पोलकी, परकर, शाळेचे गणवेश, आणि पलटणीतल्या पोरांची पारसलं.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरातून फौजेत गेलेली पोरं पुष्कळ. वाडी वीस घरांची का असेना, त्यातली तीन-चार पोरं कुठल्यातरी सरहद्दीवर उभी असायची. त्यांचे आईबाप पारसल करायला नसरापूरला यायचे. तेव्हा खोक्याला चिकटपट्टी लावली की झालं, असं नव्हतं. पारसल मांजरपाटात शिवायचं, शिवणीवर लाखेचे ठिपके द्यायचे, वर पत्ता लिहायचा, मग ते पोस्टात घ्यायचे. माणसं घरूनच जुन्या धोतरात गुंडाळून, दाभणानं चार टाके मारून आणायची. भाबीला ते बघवायचं नाही.

"पोरगं हाय का खताचं पोतं?" ती म्हणायची. "आणा हिकडं."

आणि सगळं उसवून पहिल्यापासून शिवायची.

तिचा धाकटा भाऊ शाकिर फौजेत ड्रायव्हर होता. भोरला राहणारा, आता निवृत्त झालाय. तो लेहच्या बाजूला असताना भाबीनं त्याला एक पारसल पाठवलं होतं. चांगलं दुहेरी शिवण घालून, घट्ट. त्याचं उत्तर आलं, 'आपा, खाऊ पोचला. पण उघडायला अर्धा तास लागला. इथं थंडीनं बोटं चालत नाहीत, ब्लेड हातात धरवत नाही. शेवटी दातांनी तोडलं.' ते पत्र तिच्या मनाला लागलं. चांगलं शिवल्याचंच तिला वाईट वाटलं. पुढे एकदा किराणा दुकानात बसली असताना दुकानदारानं साखरेचं पोतं उघडलं. पोत्याच्या तोंडाची शिवण तुम्हाला माहीत आहे, नेमकं टोक धरून ओढलं की सर्रकन सगळी उसवते. भाबी साखर न घेताच घरी आली.

त्या दिवसापासून तिच्या पारसलाच्या तीन बाजू साध्या आणि चौथी बाजू त्या पोत्याच्या शिवणीची, हातानं घातलेली. त्यासाठी निळा दोरा. टोकाला छोटा फास ठेवायचा, तो कापडाच्या घडीत लपवायचा आणि वर लाखेचा ठिपका द्यायचा. पत्ता आपल्याकडे तोंड करून धरला की फास उजव्या कोपऱ्यात. लाख फोडायची, घडीत बोट घालून फास ओढायचा, पारसल उघडलं. हातमोजा घातलेला असला तरी चालेल. पोरगा सुट्टीवर आला की भाबी त्याला बाकड्यावर बसवून हे दाखवायची.

शिवून झालं की पारसल पत्र्याच्या अलीकडे, माझ्याकडे. इतर लोक शाईनं पत्ता लिहितात, मी ऑइलपेंटनं लिहायचो. पावसात भिजो, बर्फात पडो, अक्षर हलायचं नाही. पलटणीच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपालघर. म्हातारी माणसं हटकून विचारायची, "पेंटर, ह्यात गावच न्हाई, मग पोचंल कसं वं?" मी म्हणायचो, माझं अक्षर आहे ना, पोचतंय.

पारसलात काय नसायचं? नाचणीचे लाडू, कुळथाचं पीठ, लसणाची चटणी, घरचा मसाला, देवाचा अंगारा. लोणचं भाबी वासावरून ओळखायची आणि बाजूला काढायची, कारण ते गळतं. एकदा गेनबा नावाचा म्हातारा मार्गासनीहून खरवस घेऊन आला. गाय व्याली होती आणि पोरगा सिक्कीमला. बारा दिवसांत त्या खरवसाचं काय होईल हे त्याला कुणीतरी सांगणं भाग होतं. भाबीनं ते सांगितलं नाही. तिनं विळी घेतली, वड्या पाडल्या, गेनबाला बाकड्यावर बसवलं आणि म्हणाली, "तुमी खावा, आमी खातो, आनि पोराला लिवू की तुज्या नावानं खाल्ला." मी चार वड्या खाल्ल्या. पत्र मीच लिहिलं, त्यात दोन सांगितल्या.

सगुणाबाई आणि चिमाजी वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीतले. तोरण्याच्या अगदी पायथ्याशी घर. त्यांचा एकुलता एक मुलगा कुंडलिक फौजेत नाईक होता. सगुणाबाई दर तीन महिन्यांनी एसटीनं यायची, मांडीवर पितळी डबा. तो डबा तिच्या आईचा होता. पत्र्याच्या डब्यातून पाठवा म्हटलं तर ऐकायची नाही. "लेक सुट्टीवर येताना डबा घिऊन येतोया की," म्हणायची. शेजारणीचं भांडं कधी तिनं रिकामं परत दिलं नाही, मूठभर मीठ का असेना, घालून द्यायची. आमच्याकडे बहुतेक घरांत ही रीत आहे, पण सगुणाबाईची फारच कडक. एकदा मी तिला माझ्या दुकानातला तांब्या पाणी प्यायला दिला, तर तिनं त्यात पिशवीतली चार बोरं टाकून परत केला.

कुंडलिकला भाबीच्या निळ्या दोऱ्याची भारी हौस. फौजेत बटण ज्याचं त्यानं लावायचं असतं, त्यामुळे सुई त्याच्या हाताला सरावाची होती. सुट्टीवर आला की दुकानात बसून ती शिवण शिकायचा. पण त्याच्या हातून एक टाका कुठंतरी चुकायचाच. फास ओढला की निम्म्यापर्यंत सर्रकन यायचा आणि मधेच गाठ बसायची.

"अडाकली बग तुजी गाडी," भाबी म्हणायची. "अर्ध्यात अडाकली."

"भाबी, दुश्मनाच्या हातात पारसल गेलं तर त्यालाबी उघडाया नगं," कुंडलिक म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घ्यायचा.

नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यात सगुणाबाईनं नाचणीचे लाडू पाठवले. पारसल पोस्टात पडलं आणि पंधरा दिवसांत चौकातल्या टीव्हीसमोर माणसं उभी राहायला लागली. कारगिल हे नाव आम्ही त्याआधी ऐकलेलं नव्हतं. जूनमध्ये भाबीकडे इतकी पारसलं आली की तिनं बाकीची शिलाई बाजूला ठेवली. कुंडलिकचं पत्र मात्र मे महिन्यानंतर आलं नाही. सगुणाबाई एकदा येऊन गेली. काही पाठवायचं नव्हतं, नुसतीच बाकड्यावर बसली, चहा प्यायली आणि शेवटच्या एसटीनं परत गेली.

जुलै संपता संपता एका सकाळी चिमाजी माझ्या दारात येऊन उभा राहिला. डोक्यावर घोंगडं, आणि घोंगड्याखाली काहीतरी पोटाशी धरलेलं. शेजारी भाबीचं दुकान बंद होतं. शाकिरच्या मुलीचं, अंजुमचं लग्न म्हणून दोघं आठ दिवस भोरला गेली होती. चिमाजीनं पोटाशी धरलेलं पारसल माझ्या टेबलावर ठेवलं.

"पेंटर, काल पोस्टमननं आनून दिलं. आपलंच दिसतंय. वाचून सांगा."

मी बघितलं. माझंच अक्षर. पारसल भिजून आलं होतं. शिक्क्यांचे नुसते निळे डाग उरले होते, पण माझी एक वेलांटीसुद्धा हलली नव्हती. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला बरं वाटलं. केवढ्या लांबून आलं आणि रंग जसाच्या तसा! मग मला तो गोल दिसला. खालच्या कोपऱ्यात 'पाठवणार' म्हणून मी सगुणाबाईचं नाव-गाव लिहिलं होतं, त्याच्याभोवती कुणीतरी लाल पेन्सिलीनं गोल काढला होता. घेणारा सापडला नाही आणि पारसल मागे फिरलं की असा गोल येतो, हे मी आधी दोनदा पाहिलं होतं.

चिमाजीनं पारसल उचलून कानाशी हलवलं. आतून खडखड आवाज आला. "लाडू वाळल्यात," तो म्हणाला. "वजन तेवढंच लागतंय."

"परत आलंय, चिमाजीबुवा."

"परत म्हंजी?"

"म्हणजे घेणारा मिळाला नसेल. बदलीबिदली झाली असेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. बदली झालेल्याचं पारसल त्याच्या मागोमाग जातं, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यानं पारसल पुन्हा घोंगड्यात घेतलं आणि स्टँडकडे गेला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पुढचे आठ दिवस वाडीवरची बातमी येत होती ती पप्पू जीपवाल्याकडून. सगुणाबाईनं पारसल देवापुढं पाटावर ठेवलंय. कुणाला हात लावू देत नाही. चिमाजी म्हणाला, उघडून तरी बघू, तर म्हणाली, "त्याच्या नावाचं हाय. उगडायचं तर त्यानंच." माणसं येतात, बसतात, उठतात. कुणीतरी सुचवलं की पुण्याला फौजेच्या हापिसात जाऊन चौकशी करा. चिमाजी कपडे करून दोनदा स्टँडपर्यंत आला आणि दोन्ही वेळेला माघारी गेला. विचारलं नाही तोपर्यंत पोरगा जिवंत आहे, असं त्याचं झालं होतं. त्याला हसायची माझी प्राज्ञा नाही. मीही पोस्टासमोरून जायचं टाळत होतो.

नवव्या दिवशी भाबी भोरहून आली. दुकान उघडून झाडलं नाही तोच मी तिला सगळं सांगितलं. तिनं केरसुणी तशीच हातात धरली.

"शिवण कशी व्हती?"

"शिवण?"

"व्हय, शिवण. माजी व्हती का?"

"भाबी, अक्षर माझं होतं म्हटल्यावर…"

"आक्षार तुमचं आसंल. म्या शिवण इचारते. फास कुठं व्हता? लाख कुठल्या कोपऱ्यात व्हती?"

मी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं.

"पेंटर," ती म्हणाली, "सोताचं आक्षार बगत बसला तुमी! माणसाच्या लेकराचं पारसल हातात आलं, तर उलटून बगाया काय झालं हुतं?"

भाबी माझ्यावर चिडलेली मी तेव्हा एकदाच पाहिली. इब्राहीमभाई आतून म्हणाले, जेवून तरी जा. ती केरसुणी भिंतीला टेकवून सरळ वेल्ह्याच्या एसटीकडे चालू लागली. मीही मागोमाग गेलो.

गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. विंझर आलं तशी एकदम म्हणाली, "खडखडत व्हतं म्हनलात?"

"हो."

"लाडू म्या सोता कागदात गुंडाळून, डबा दाबून भरला हुता. वाळलं तरी खडखडाया जागा कुठाय त्यात?"

मला आशा वाटली की पुन्हा वाईट काही ऐकावं लागेल ही भीती, ते आजही सांगता येणार नाही.

वाडीवर पोचलो तेव्हा सगुणाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. शेजारच्या दोन बाया जवळ होत्या, चिमाजी दाराशी. आठ दिवसांत बाई वाळून गेली होती. भाबीला बघून उठली नाही, सूप बाजूला ठेवलं इतकंच.

"भाबी, पारसल परत आलं गं."

भाबी तिच्या जवळ बसली. तिचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "सगुणाबाई, म्या उगडनार न्हाई. नुसतं मांडीवर घेऊ का? शिवण माजी हाय, म्हून."

सगुणाबाईनं चिमाजीकडे बघून मान हलवली. त्यानं आतून पारसल आणून दिलं. भाबीनं हात पदराला पुसले, पारसल मांडीवर घेतलं आणि माझ्या अक्षराकडे न बघता आधी पालथं केलं. मग शिवणीवरून हळूहळू बोट फिरवत नेलं. तीन बाजूंनी बोट भरभर गेलं. चौथ्या बाजूला सावकाश झालं.

"ही शिवण माजी न्हाई," ती म्हणाली.

तिनं चौथी बाजू उजेडाकडे धरली.

"ह्ये पारसल उगडलंय आनि परत शिवलंय. टाकं बगा, एक मोटा, एक बारीक."

"पोस्टात उगडलं आसंल," एक बाई म्हणाली.

"मग निळा दोरा परत कशाला ओवतील? सुतळी बांदली असती." भाबीनं कोपऱ्यातली घडी वर केली. आत निळा फास होता. वर लाख नव्हती, मेणबत्तीचं मेण होतं. "फास हितं दडवायचा आसतो, ह्ये म्या जाणते आनि ज्याला म्या बसवून दावलं त्यो जाणतो."

चिमाजी दाराची चौकट धरून खाली बसला. सगुणाबाई पुढं सरकली. भाबीचं बोट मात्र त्या कोपऱ्यापाशी थांबलं होतं. तिनं पारसल सुलटं केलं, पत्ता आपल्याकडे धरला, पुन्हा फास बघितला, पुन्हा टाके बघितले. तिचा चेहरा जरा बदलला. मी ओळखलं की हिला अजून काहीतरी दिसलंय. पण ती एवढंच म्हणाली, "सगुणाबाई, वढा दोरा. ह्ये परत आलेलं न्हाई. ह्ये तुमाला धाडलंय."

सगुणाबाईनं फासात बोट घातलं आणि ओढलं. सर्रकन निम्मी शिवण आली, आणि मधेच थांबली. ओढलं तरी येईना. गाठ बसली होती.

भाबी एकदम मोठ्यानं हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "अडाकली! अर्ध्यात अडाकली! त्योच हाय गं बाई, दुसरा कुनी न्हाई, त्योच हाय!"

उरलेली शिवण तिनंच उसवली. आत पितळी डबा. सगुणाबाईनं झाकण काढलं. डबा अक्रोडांनी भरलेला होता, आणि वर चिठ्ठी. मी वाचली. अक्षर कुंडलिकचं नव्हतं. 'आई-बाबांस नमस्कार. मी खुशाल आहे. कामाच्या गडबडीमुळे मित्राकडून लिहून घेतोय. लाडू सगळ्यांनी खाल्ले. इकडे कापड मिळेना म्हणून भाबींचंच कापड वापरलंय. डबा हरवायला नको म्हणून आधीच पाठवतो. रिकामा पाठवायचा नसतो, म्हणून अक्रोड. काळजी करू नये.' खाली तारीख होती, वीस जुलै.

सगुणाबाईनं चिठ्ठीला हात लावला नाही. डबा कुशीत घेतला. "रिकामा न्हाई धाडला," ती म्हणाली. "बगितलंत का, रिकामा न्हाई धाडला माज्या लेकानं." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेजारच्या बाया रडायला लागल्या, चिमाजी उठून गोठ्याकडे गेला. मी त्याच्या मागे गेलो आणि हात जोडले. तो म्हणाला, "तुमी लिवल्यालं हुतं तेच वाचलं. तुमचा काय दोष?" त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

निघताना सगुणाबाई आम्हाला अंगणाच्या कडेपर्यंत पोचवायला आली. तिथं तिनं भाबीचा हात धरला.

"मगाशी तुमी शिवण बगून गप झाला. का?"

भाबीनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"खरं सांगा, भाबी. चिट्टीबी त्यानं सोता न्हाई लिवली."

"सगुणाबाई, फास डाव्या कोपऱ्यात हाय," भाबी म्हणाली. "टाकं उलटं पडल्यात. शिवण डाव्या हातानं घातलीया. तुमचा पोरगा डावरा न्हाई. त्याच्या उजव्या हाताला लागलंय, म्हून त्यानं तुमच्या पत्त्याभवती गोल केला, लिवलं न्हाई."

सगुणाबाईनं भाबीचा हात सोडला नाही. खाली ओढ्याचा आवाज येत होता.

"पर शिवलंय त्यानंच?"

"त्यानंच."

"मग आसू दे," ती म्हणाली. "हाताचं बगू. हाय न्हवं त्यो?"

"हाय."

तिनं पदरानं तोंड पुसलं, घरात जाऊन ओंजळभर अक्रोड आणले आणि आम्हा दोघांच्या हातात घातले.

चार दिवसांनी ती डबा घेऊन नसरापूरला आली. पुन्हा नाचणीचे लाडू, नेहमीपेक्षा लहान वळलेले. पोराला डाव्या हातानं खायचे आहेत, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. चिठ्ठी लिहू का म्हटलं, तर म्हणाली, "सगळं बरं हाय, एवढंच लिवा. त्यानं लपवलंय, तर आपुन कशाला बोला?" भाबीनं कापड कापलं, तीन बाजू शिवल्या, आणि चौथी बाजू घालायच्या आधी पारसल फिरवून घेतलं. फास डाव्या कोपऱ्यात ठेवला. मी पत्ता लिहिला आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचं अक्षर न बघता पारसल उलटंसुलटं करून शिवण बघितली.

कुंडलिक दिवाळीनंतर सुट्टीवर आला. वाडीवर जायच्या आधी एसटीतून नसरापुरातच उतरला. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती, हात त्यानं खिशात ठेवला होता. इब्राहीमभाईंनी चहा दिला, तो त्यानं डाव्या हातानं घेतला. हाताचा विषय त्यानंच काढला.

"भाबी, घरी कळू द्यायचं न्हाई आसं म्या सगळ्यांना सांगून ठिवलं हुतं. आईला आपनच जाऊन सांगायचं, आसं ठरवलं हुतं. दवाखान्यात कवा रडलो न्हाई." त्यानं पेला खाली ठेवला. "मग तुमचं पारसल आलं. नेहमीसारखा उजव्या कोपऱ्यात दोरा हुडकाय लागलो, तर न्हाई. डाव्या हाताशी हुता. मला म्हाईत झालं, आईला म्हाईत हाय. लाडू तोंडात घालवंना, भाबी."

मशीनवर गेनबाच्या पोराचं पारसल होतं, सिक्कीमला जायचं, तीन बाजू शिवून झालेल्या. भाबीनं ते कुंडलिकच्या पुढं ठेवलं. एक सुई ओवून त्याच्या डाव्या हातात दिली, एक स्वतः घेतली.

"अर्ध्यात अडकती तुजी शिवण," ती म्हणाली. "ये, अर्धीच घाल."

उजवीकडून तिनं घालायला घेतली आणि डावीकडून त्यानं. मधे दोन्ही दोरे येऊन मिळाले. त्या पारसलाला दोन फास होते, दोन्ही कोपऱ्यांत एकेक. पुढं भाबी मशीनवर होती तोवर तिच्या हातून गेलेल्या प्रत्येक पारसलाला दोन फास असायचे. कुणी विचारलं तर म्हणायची, "आपल्याला हितं बसून काय ठावं, पोराचा कुटला हात मोकळा आसंल त्ये."